ॲनिमेशन संपल्यावर चालवायचा कोड नेमका कुठे टांगायचा?

पुस्तकघर_डिचोली
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या मराठी वाचनालयासाठी मी पुस्तक राखून ठेवायचं एक छोटं वेबपान केलंय. वाचनालय संध्याकाळी दोनच तास उघडं असतं. वरच्या वाड्यांवरून पावसात चालत येणाऱ्यांचा हेलपाटा वाचावा म्हणून हा खटाटोप.

पानावर पुस्तकांची कार्डं आहेत. 'राखून ठेवा' दाबलं की कार्ड फिकट होत उजवीकडे सरकतं. ते गेलं की दोन कामं करायची असतात. कार्ड यादीतून काढायचं आणि सर्व्हरकडे नोंद पाठवायची.

आधी मी सेटटाइमआउट (ठरावीक वेळाने कोड चालवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) लावलं, ३५० मिलिसेकंदांचं, कारण सीएसएसमध्ये (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेत) सरकण्याचा वेळ तेवढाच दिलाय. माझ्या फोनवर झकास चाललं. ग्रंथपालांच्या जुन्या फोनवर मात्र कार्ड अर्ध्या वाटेतच गायब. म्हणून ट्रान्झिशनएंड इव्हेंट, म्हणजे सरकणं-फिकट होणं (ट्रान्झिशन) संपल्यावर ब्राउझर देतो तो इशारा, ऐकायला लागलो, तर एकाच पुस्तकाच्या दोन-दोन, कधी तीन-तीन नोंदी पडल्या. मग 'एकदाच ऐक' हा पर्याय दिला. नोंद एकच पडू लागली, पण कार्ड पुन्हा अर्ध्यात गायब!

इथपर्यंत मी एकटाच झगडत होतो. पण मंगळवारी आमच्या निवृत्त शिक्षिका माई भर पावसात वाचनालयात आल्या आणि त्यांनी राखलेलं पुस्तक आदल्याच दिवशी दुसऱ्याला दिलेलं निघालं. त्यांच्या नावावर नोंदच नव्हती. माई म्हणाल्या, "मी दाबलं रे, पुस्तक समोरून गेलंसुद्धा." त्यांच्या फोनवर मी स्वतः करून पाहिलं. कार्ड झटकन नाहीसं होतं, त्याची जागा यादीत रिकामी राहते, आणि सर्व्हरकडे काहीच पोचत नाही. माई काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं ते.

तर प्रश्न असा, की ॲनिमेशन संपल्याची खात्रीची खूण कोणती?

फोंडा_फ्रंटएंड
दोन नोंदींचं आधी सांगतो. ट्रान्झिशनएंड हा घटकामागे एक नसतो, बदलणाऱ्या प्रत्येक गुणधर्मामागे एक असतो. तुमचं कार्ड फिकटही होतं आणि सरकतंही, म्हणजे ओपॅसिटीचा (फिकटपणाचा) एक आणि ट्रान्सफॉर्मचा (सरकण्याचा) एक. दोघांचे वेळ सारखे आहेत का?

आणि कार्डातल्या बटणाचा रंगही दाबल्यावर सावकाश बदलतो का?

पुस्तकघर_डिचोली
नाहीत. फिकट व्हायला २००, सरकायला ३५०. आणि हो, बटणाचा रंग १५० मिलिसेकंदांत बदलतो. त्याचा काय संबंध?

फोंडा_फ्रंटएंड
सगळा संबंध तिथेच आहे. हा इव्हेंट आतल्या घटकाकडून बाहेरच्या घटकाकडे वर चढत येतो. बटणाचा रंग बदलून झाला की त्याचा ट्रान्झिशनएंड कार्डावर लावलेल्या कानालाही, म्हणजे इव्हेंट ऐकणाऱ्या कोडलाही, ऐकू येतो. 'एकदाच ऐक' म्हटल्यावर तुम्ही जो पहिला आला तोच धरलात, म्हणजे बटणाचा, नाहीतर ओपॅसिटीचा. सरकणं तेव्हा अर्ध्यावर असणारच.

दोन गोष्टी तपासा. इव्हेंटचं टार्गेट (तो ज्या घटकाचा आहे तो) कार्डच आहे ना, आणि प्रॉपर्टीनेम (बदललेल्या गुणधर्माचं नाव) ट्रान्सफॉर्मच आहे ना. दोन्ही जुळलं तरच पुढे जा.

जुना_खांब
३५० च्या जागी ४५० टाका. माझी पानं दहा वर्षं तशीच चालतायत.

फोंडा_फ्रंटएंड
जुना_खांब, मानाने सांगतो, पण ते चालतंय असं आपल्याला आपल्या फोनवर दिसतं. सेटटाइमआउटचा काटा फिरायला लागतो ती ओळ चालली त्या क्षणी. ट्रान्झिशन सुरू होतं ब्राउझर पुढची चौकट रंगवायला घेतो तेव्हा. चांगल्या फोनवर या दोहोंत १६ मिलिसेकंदांचा फरक पडेल. स्वस्त फोनवर यादी लांबलचक असेल, मुखपृष्ठांची चित्रं उलगडत असतील, तर दीडशे-दोनशेचा पडतो. ग्रंथपालांच्या फोनवर तेच झालंय. ४५० सुद्धा तिथे कमी पडेल; आणखी वाढवलंत तर तो फोन सुधारेल, त्याच्याहून जुना फोन बिघडेल. वर एकच वेळ सीएसएसमध्ये आणि जावास्क्रिप्टमध्ये असा दोन ठिकाणी लिहून ठेवायचा. एक बदलला की दुसरा हमखास विसरतो.

चोडणकर
मी कोड लिहीत नाही, बायकोमुळे इथे वाचतो. पण हे समजलं. रायबंदरच्या धक्क्याला आमची फेरीबोट लागते तेव्हा घड्याळ बघून कुणी स्कूटर सुरू करत नाही. भरती असली तर वेगळा वेळ, ओहोटी असली तर वेगळा, मांडवी नदीला ओढ असली की आणखी वेगळा. रॅम्प टेकला आणि खलाशाने हात केला की मगच गाड्या हलतात.

म्हापसा_बाजार
चोडणकर, दाखला आवडला. पण माईंच्या फोनवर खलाशाने हातच केला नाही, त्याचं काय?

जुना_खांब
तेच तर. इव्हेंट आलाच नाही तर बसून राहायचं का? सेटटाइमआउट निदान येतो तरी.

पेडण्याची_लेक
अँड्रॉइडच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे ॲनिमेटरला लिसनर (इशारे ऐकणारा कोड) लावतात. त्यात शेवट झाला की ऑनॲनिमेशनएंड येतो. पण ॲनिमेशन मध्येच रद्द झालं तरी ऑनॲनिमेशनकॅन्सल येऊन गेल्यावर ऑनॲनिमेशनएंड येतोच! म्हणजे 'संपलं' आणि 'पूर्ण झालं' हे दोन वेगळे अर्थ. हे ठाऊक नसल्याने मी दोन दिवस घालवले होते. वापरणाऱ्याने मागे फिरायचं बटण दाबलं, ॲनिमेशन रद्द झालं, आणि माझ्या कोडने खुशाल पुढचं पान उघडलं.

उलट व्ह्यूच्या (पडद्यावरच्या घटकाच्या) साध्या ॲनिमेटवर विथएंडॲक्शन (शेवटी चालवायचा कोड) लावलं तर रद्द झाल्यावर ते चालत नाही. एकाच प्रणालीत दोन रीती. ज्याला जी हवी ती जाणून वापरावी.

आणि कंपोझमध्ये (अँड्रॉइडचे पडदे बांधायच्या नव्या साधनात) गेल्यापासून मला फार बरं वाटतंय. ॲनिमेटेबलचं ॲनिमेटटू हे सस्पेंड फंक्शन (काम संपेपर्यंत थांबून राहणारं) आहे, त्यामुळे पुढची ओळ ॲनिमेशन संपल्यावरच चालते. वाचताना वरून खाली वाचत जायचं, बस.

मडगाव_मोबाईल
पेडण्याची_लेक म्हणते तो फरक आयओएसवर जास्त स्वच्छ आहे. यूआयव्ह्यूच्या (तिथल्या पडद्यावरच्या घटकाच्या) ॲनिमेटला कम्प्लीशन (शेवटी चालवायचा कोड) देतो, त्यात फिनिश्ड नावाची खरं-खोटं किंमत हातात येते. ॲनिमेशन मध्येच काढून टाकलं गेलं, की खोटं. बहुतेक जण ती किंमत न वाचताच टाकून देतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण उत्तर तिथेच दिलेलं असतं.

स्विफ्टयूआयमध्ये, म्हणजे ॲपलच्या नव्या साधनात, बरीच वर्षं अशी सरळ सोयच नव्हती. २०२३ मध्ये आयओएस १७ बरोबर विथॲनिमेशनला कम्प्लीशन मिळालं. तिथे एक सुंदर गोष्ट आहे: 'संपलं' म्हणजे काय ते आपण सांगायचं. स्प्रिंग (झोके खात थांबणारं ॲनिमेशन) असेल तर डोळ्याला थांबल्यासारखं वाटतं तो एक क्षण, आणि शेवटची बारीक थरथर विरते तो दुसरा. पहिला लॉजिकलीकम्प्लीट, दुसरा रिमूव्ह्ड. पुढचं बटण चालू करायला पहिला पुरतो. घटक काढून टाकायचा असेल तर दुसऱ्यासाठी थांबावं.

जुना_खांब
माझं मत बदललेलं नाही, पण जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट साधनातला अनुभव सांगतो. पान वर सरकवायला आम्ही एचटीएमएल आणि बॉडी (पानाचे दोन मूळ घटक) दोन्ही निवडून ॲनिमेट करायचो, कारण काही ब्राउझर एकाला मानत, काही दुसऱ्याला. शेवटचा कॉलबॅक (संपल्यावर चालायचा कोड) दोनदा यायचा. कारण जेक्वेरीत तो निवडलेल्या प्रत्येक घटकामागे एकदा येतो. दहा कार्डं एकदम फिकट केली तर दहा वेळा. १.६ आवृत्तीत प्रॉमिस (काम निकाली निघालं की कळवणारी वस्तू) आलं, ते लावलं की सगळी संपल्यावर एकदाच. म्हणजे तेव्हाही उत्तर होतं. मीच ते सगळीकडे वापरलं नाही, हे कबूल.

सत्तरीची_वाट
माईंच्या फोनचं मी सांगते. पुस्तकघर, तुमच्या सीएसएसमध्ये 'प्रीफर्स रिड्यूस्ड मोशन' (ज्यांना हालचाल कमी हवी त्यांच्यासाठीचे नियम) असा भाग आहे का? आणि त्यात ट्रान्झिशन नन, म्हणजे ट्रान्झिशन नकोच, असं लिहिलंय का?

पुस्तकघर_डिचोली
आहे! सुरुवातीचा नमुना एका तयार पानावरून घेतला होता, त्यात होतं. चांगली गोष्ट म्हणून राहू दिलं.

सत्तरीची_वाट
चांगलीच गोष्ट आहे ती, काढू नका. पण माईंच्या फोनमध्ये सुलभतेच्या सेटिंगमध्ये 'ॲनिमेशन काढून टाका' चालू असणार. मग तुमच्या पानावर ट्रान्झिशन नन लागू होतं. कार्डाला तुम्ही क्लास (सीएसएसचे नियम लागू करणारं नाव) लावला, ते तत्क्षणी अदृश्य होऊन बाजूला गेलं. ट्रान्झिशन सुरूच झालं नाही, तर ते संपणार कुठून? इव्हेंट नाही, म्हणून कार्ड यादीतून निघालं नाही, जागा रिकामी राहिली, आणि नोंदही गेली नाही. माईंनी जे सांगितलं ते अक्षरशः खरं होतं. पुस्तक समोरून गेलंच होतं.

इव्हेंट न येण्याच्या आणखी वाटा आहेत. सरकता सरकता घटक डिस्प्ले नन झाला (पानावरून लपवला गेला), किंवा डीओएममधून, म्हणजे ब्राउझरने ठेवलेल्या पानाच्या रचनेतून, काढला गेला (कुणी शोधचौकटीत टाइप करून यादी नव्याने मांडली तर तेच होतं), तर ट्रान्झिशनकॅन्सल येतो, एंड येत नाही. घटक आधीपासूनच त्या जागी असेल, म्हणजे बदल शून्य असेल, तर दोन्ही नाहीत.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळं. तुम्ही विचारता खात्रीची खूण कोणती. मी म्हणते, माईंची नोंद ॲनिमेशनच्या शेवटाला टांगलीतच का? नोंद ही माईंची इच्छा आहे. ती बोट टेकलं त्या क्षणी पूर्ण झाली. कार्ड कसं सरकतं, किती वेळात, सरकतं की नाही, ही फक्त ते दाखवण्याची रीत. शेवटाला टांगायचं ते दिसण्याशी निगडित काम: कार्ड काढणं, जागा मिटवणं, फोकस (आत्ता कोणता घटक निवडलेला आहे ती खूण) हलवणं. उद्या फोनची बॅटरी त्या ३५० मिलिसेकंदांत संपली तरी पुस्तक राखलेलं असलं पाहिजे.

फोंडा_फ्रंटएंड
हे मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवं होतं. इव्हेंट दुरुस्त करण्यात गुंतलो.

पुस्तकघर_डिचोली
पटतंय, पण अडचण सांगतो. आमच्याकडे बहुतेक पुस्तकांची एकच प्रत. दोघांनी एकदम दाबलं तर दुसऱ्याला सर्व्हर नकार देतो. नोंद दाबल्या क्षणी पाठवली आणि कार्डही सरकायला लागलं, नंतर नकार आला, तर? वाचकाला पुस्तक मिळालं असं वाटून पुन्हा माईंसारखंच होणार.

सत्तरीची_वाट
दोन्ही एकदम सुरू करा, आणि दोन्हींची वाट बघा. कार्ड सरकलं आणि सर्व्हरचा होकार आला, तरच कार्ड यादीतून काढा. नकार आला तर क्लास काढा, कार्ड आल्या वाटेने परत येईल आणि त्यावर 'दुसऱ्या वाचकाने राखलं' असं लिहा.

म्हापसा_बाजार
मला हे नाही आवडत. गेलेलं कार्ड परत येणं म्हणजे बाजारात बांगडे पिशवीत घातल्यावर कोळणीने परत काढून घेण्यासारखं. एकच प्रत असेल तर आधी होकार घ्या, तोवर बटणावर 'राखतोय' दाखवा, आणि होकार आल्यावरच सरकवा. भाजीच्या यादीत एक ओळ पुसायची असती तर मी सत्तरीची_वाटशी सहमत असतो. इथे शेवटची प्रत आहे.

सत्तरीची_वाट
हं. पावसाळ्यात सत्तरीच्या आतल्या भागात रेंज कशी असते ते मला माहीत आहे, बटण दहा सेकंद 'राखतोय' म्हणत बसेल. पण एका प्रतीच्या बाबतीत तुमचं म्हणणं जास्त बरोबर आहे. खोटा दिलासा देण्यापेक्षा थांबवलेलं बरं. मी माझं मागे घेते.

आणि पुस्तकघर, सर्व्हरवरही एक काम करा. एका सभासदाची त्याच पुस्तकाची दुसरी नोंद आली तर ती पहिलीच मानायची. म्हणजे इव्हेंट तीनदा आला काय आणि वैतागून कुणी बटण तीनदा दाबलं काय, नोंद एकच.

पेडण्याची_लेक
अँड्रॉइडवर ॲनिमेशन बंद केलेलं असलं तरी ॲनिमेटर लगेच संपतो आणि एंडचा कॉलबॅक येतो. वेबवर येत नाही, हे मला आज कळलं. दोन्हीकडे काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे.

कुंभारजुव्याचा
फ्लटरवाल्यांसाठी (फ्लटर हे ॲप बनवायचं साधन): ॲनिमेशन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या फॉरवर्डने मिळणारं टिकरफ्यूचर (प्रॉमिससारखीच वस्तू) रद्द झालं तर ते कधीच पूर्ण होत नाही. त्यावर अवेट (हे पूर्ण होईपर्यंत थांब) लावलं तर पुढची ओळ कायमची अडकते, चूकही दिसत नाही. ऑरकॅन्सल वापरलं तर निदान टिकरकॅन्सल्ड हाती येतं. आणि अवेटनंतर माउंटेड (घटक अजून पडद्यावर आहे का) तपासल्याशिवाय सेटस्टेटला (पडदा नव्याने मांडायला लावणाऱ्या फंक्शनला) हात लावू नका.

फोंडा_फ्रंटएंड
पुस्तकघर, आता दिसण्याच्या भागासाठी इव्हेंटपेक्षा चांगलं हत्यार देतो. वेब ॲनिमेशन्स एपीआय, म्हणजे कोडमधून ॲनिमेशन हाताळायची ब्राउझरची सोय. कार्डाला क्लास लावा आणि लगेच कार्डावर गेटॲनिमेशन्स बोलवा. त्या क्षणी कार्डावर चालू असलेल्या सगळ्या ॲनिमेशनांची यादी मिळते, सीएसएस ट्रान्झिशन धरून. प्रत्येकाला फिनिश्ड नावाचं प्रॉमिस असतं. ती सगळी प्रॉमिसं ऑलसेटल्डला (सगळी निकाली निघेपर्यंत थांबणाऱ्या फंक्शनला) द्या आणि अवेट करा.

आता बघा काय काय सुटतं. ओपॅसिटी आणि ट्रान्सफॉर्म, दोन्ही संपेपर्यंत थांबतं. बटणाचा रंग त्यात येत नाही, कारण आतले घटक मुद्दाम मागितल्याशिवाय यादीत धरले जात नाहीत. मध्येच रद्द झालं तर फिनिश्ड ॲबॉर्टएरर देऊन नाकारलं जातं, पण ऑलसेटल्ड नकारालाही शेवटच मानतं, त्यामुळे अडकत नाही. आणि माईंच्या फोनवर यादी रिकामी मिळते. रिकाम्या यादीचं ऑलसेटल्ड लगेच पूर्ण होतं! म्हणजे ॲनिमेशन असो-नसो, पुढची ओळ चालतेच.

सगळ्या मोठ्या ब्राउझरांत हे २०२० पासून आहे. एकच सांभाळा: कार्डावर न थांबणारं गोल फिरणारं काही लावलं असेल, तर त्याचं फिनिश्ड कधीच येणार नाही. ते यादीतून वगळा.

मडगाव_मोबाईल
फारच छान. रिकाम्या यादीचा मुद्दा मी लिहून घेतला.

जुना_खांब
मी तर म्हणतो ट्रान्झिशन नन लिहायचंच कशाला. रिड्यूस्ड मोशनमध्ये वेळ ०.०१ मिलिसेकंद ठेवायचा. डोळ्याला हालचाल दिसत नाही आणि इव्हेंट येतात. हे मी वापरलंय.

सत्तरीची_वाट
तेही चालतं, आणि दुसऱ्याच्या जुन्या कोडवर हात फिरवायचा असेल तर तेच सोपं. पण मी सरकणं काढून हलकं फिकट होणं ठेवते. मोठी हालचाल बघून घेरी येते त्यांना त्याने त्रास होत नाही, आणि काहीतरी गेलं हे कळतं. माझ्या आईला तो त्रास आहे, म्हणून हा विषय मी सोडत नाही.

आणखी एक. ज्या बटणावर फोकस होता ते कार्डाबरोबर नाहीसं झालं, की फोकस पानाच्या मुळाशी जातो. टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) लावून वाचणारा माणूस पन्नासाव्या पुस्तकावरून थेट वर फेकला जातो. कार्ड काढल्यावर फोकस पुढच्या कार्डावर न्या, आणि 'पुस्तक राखलं' हे बोलून दाखवणारी एक ओळ ठेवा. ॲनिमेशन संपल्यावर चालवायचं खरं काम हेच.

चोडणकर
बायको म्हणते वाचनालयाला वर्गणी किती ते विचार. आणि दिवाळी अंक ठेवता का?

पुस्तकघर_डिचोली
ठेवतो, आणि चोडणातून याल तर चहा माझ्याकडे.

मंडळी, शनिवार-रविवारात सगळं बदललं. आता बटण दाबलं की नोंद लगेच जाते, बटणावर 'राखतोय' येतं, होकार आला की कार्ड सरकतं. मग गेटॲनिमेशन्स आणि ऑलसेटल्ड, आणि त्यानंतर कार्ड काढणं, फोकस पुढे नेणं, बोलणारी ओळ. सर्व्हरवर सभासद आणि पुस्तक या जोडीची दुसरी नोंद घेणं बंद केलं. ट्रान्झिशनएंड पूर्ण काढला. ग्रंथपालांच्या जुन्या फोनवर वीस पुस्तकं राखून पाहिली, एकही अर्ध्यात गेलं नाही. रेंज नसताना दाबलं तर 'पोचलं नाही, पुन्हा दाबा' असं दिसतं. ते आधी कुठेच नव्हतं, आणि माईंसाठी तेच सगळ्यात गरजेचं होतं असं आता वाटतं.

फोंडा_फ्रंटएंड
यादी नव्याने मांडताना चालू ॲनिमेशन रद्द होतं ते तपासलंत?

पुस्तकघर_डिचोली
तपासलं. कार्ड सरकत असताना शोधचौकटीत टाइप केलं. ॲबॉर्टएरर आला, ऑलसेटल्डने पुढे नेलं. फक्त कार्ड आधीच निघून गेलेलं असतं, म्हणून काढण्याआधी ते जागेवर आहे का ते बघायची एक ओळ घातली.

काल माईंच्या घरी जाऊन आलो. सेटिंग त्यांच्या नातवाने फोन जलद चालावा म्हणून बदललं होतं, त्यांना त्याची कल्पनाच नव्हती. त्यांच्या हातून पुस्तक राखून घेतलं, नोंद पडली, मी सर्व्हरवर लगेच बघितली. मग माझ्या फोनवर कार्ड सरकताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हे माझ्याकडे का नाही? मलाही हवं." त्यांना घेरीबिरी येत नाही हे दोनदा विचारून घेतलं आणि सेटिंग बदलून दिलं. त्यांनी लगेच आणखी तीन पुस्तकं राखली, केवळ सरकताना बघायला. त्यातली दोन परत सोडवायला मला आता 'राखणं रद्द करा' हे बटण करायचंय. कार्ड परत येताना डावीकडून यावं की उजवीकडून?

सत्तरीची_वाट
जिकडे गेलं तिकडूनच.